दाढेचा ठणका आणि घरखर्चाची घडी

दातदुखी हा घरखर्चाच्या अंदाजात सहसा न धरलेला आजार आहे. किराणा, भाडे, विजेचे बिल आणि शाळेची फी यांची रक्कम आधी ठाऊक असते. सणावारासाठी पैसे बाजूला पडतात, पावसाळ्याआधी छपराची डागडुजीही होते. दाढ मात्र एखाद्या रात्री ठणकू लागते आणि सकाळी काही हजार रुपयांचा प्रश्न समोर उभा राहतो. हा खर्च अचानक आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे तोंडात पिकत असतो. कीड लागल्यापासून ठणका सुरू होईपर्यंत मध्ये अनेक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीगणिक वेदना व खर्च दोन्ही वाढतात. या पायऱ्या ओळखता आल्या आणि थोडी रक्कम हाताशी असली, तर दातदुखी घराची घडी विस्कटत नाही.

कीड लागते म्हणजे काय

दाताचे बाहेरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात मज्जातंतू नसतात आणि एकदा नष्ट झाला की तो पुन्हा तयार होत नाही. इनॅमलच्या आत डेंटीनचा थोडा मऊ, पिवळसर थर असतो. त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला गाभा असतो, त्याला पल्प म्हणतात. ‘कीड नसेपर्यंत गेली आहे’ असे दवाखान्यात सांगतात, तेव्हा ‘नस’ या शब्दाने हा पल्पच अभिप्रेत असतो.

‘कीड’ या शब्दामुळे दातात खरोखरच किडा असतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवण्याचा प्रकारही त्यातूनच रुजला. असा किडा दातात कधीच नसतो. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात किड्याची कल्पना नाकारली होती. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने खरे कारण मांडले. तोंडातील जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते.

तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि गेलेल्या खनिजाची थोडीफार भरपाई करते. त्यासाठी तिला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला जास्त महत्त्व आहे. जेवणात एकदा श्रीखंड खाणाऱ्यापेक्षा दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटे घेणाऱ्याच्या दातांना सावरायला कमी वेळ मिळतो. झोपेत लाळ कमी होते. त्यामुळे रात्री दात न घासता झोपण्याची किंवा बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय विशेष नुकसान करते.

वेदनेच्या पायऱ्या

पहिल्या पायरीला काहीच दुखत नाही. इनॅमलवर खडूसारखा पांढरा डाग किंवा दाढेच्या खाचेत काळी रेघ दिसते. पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि नियमित स्वच्छता यांनी कीड थांबूही शकते.

दुसऱ्या पायरीला कीड डेंटीनपर्यंत पोहोचते. गार पाणी, आइस्क्रीम किंवा गोड पदार्थ लागला की दातात कळ येते आणि काही सेकंदांत थांबते. जेवताना अन्नाचे कण एकाच ठिकाणी अडकू लागतात. दात शिवशिवतो, पण कामात अडथळा येत नाही, म्हणून बहुतेक लोक याच टप्प्यावर दुर्लक्ष करतात. खरे तर फिलिंग करून, म्हणजे सिमेंट भरून, दात वाचवण्याची हीच वेळ असते.

तिसऱ्या पायरीला पल्पला सूज येते. शरीरात इतरत्र सूज आली की ऊती पसरायला जागा असते. पल्प मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींमध्ये कोंडलेला असतो. रक्तपुरवठा वाढतो, आतला दाब वाढतो आणि मज्जातंतू दाबले जातात. ठणका असह्य असतो तो यामुळे. आडवे झाल्यावर डोक्याकडे जाणारे रक्त वाढते, म्हणून रात्री दाढ जास्त ठणकते. उशी उंच केल्यावर थोडे बरे वाटते. गरम चहाने कळ उठते आणि बराच वेळ राहते. कधी काही न खाता-पिताही ठणका सुरू होतो. एवढी सूज आलेला पल्प सहसा पूर्ववत होत नाही. रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे, हे दोनच मार्ग उरतात.

चौथी पायरी फसवी असते. पल्प मरतो आणि ठणका आपोआप थांबतो. एखाद्या गोळीने किंवा घरगुती औषधाने गुण आला, असे घरात मानले जाते आणि दवाखान्यात जाणे पुन्हा लांबते. त्या काळात जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. पाचव्या पायरीला मुळाशी पू साठतो. दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना दुखतो, हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

दुखते एकीकडे, कारण दुसरीकडे

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मुख्य मज्जातंतूला तीन मोठ्या शाखा असतात. त्यामुळे वेदनेचा उगम ओळखताना चूक होते. खालच्या दाढेचा ठणका कानात जाणवतो. सर्दीनंतर गालाच्या हाडातील पोकळीला सूज आली, तर वरच्या सगळ्याच दाढा दुखतात. खाली वाकल्यावर हे दुखणे वाढत असेल, तर दातांपेक्षा सायनसची शंका घ्यावी. साधारण १७ ते २५ वर्षांच्या वयात अक्कलदाढ अर्धवट उगवते. तिच्यावरील हिरडीच्या पदराखाली अन्न साचून सूज येते आणि तोंड उघडणेही अवघड होते. खालच्या जबड्यात दुखत असताना छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी दंतवैद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, ही समजूत महाराष्ट्रात अजून ऐकू येते. दाताकडे जाणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आणि दृष्टीचा मज्जातंतू पूर्णपणे वेगळा असतो. दाढ काढल्याने नजर जात नाही. या भीतीपोटी सडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवल्याने संसर्ग मात्र पसरतो.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

ठणका रात्री सुरू झाला, तर सकाळपर्यंत आराम मिळवणे एवढाच घरगुती उपायांचा उपयोग असतो. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. दातात अडकलेले अन्न दोऱ्याने किंवा मऊ ब्रशने हलकेच काढावे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतू तात्पुरते बधिर करते. कापसाच्या बोळ्यावर एखाद-दुसरा थेंब घेऊन तो किडलेल्या खाचेत ठेवावा. हिरडीवर जास्त तेल लागले तर आग होते. बाहेरून गालावर गार पट्टी ठेवावी. गरम शेक दिल्यास पू असलेल्या जागी सूज वाढू शकते.

वेदनाशामक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल बहुतेक प्रौढांना चालते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहा-सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात. २४ तासांतील एकूण मात्रा ४ ग्रॅमपेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि यकृताचा आजार किंवा मद्याची सवय असल्यास डॉक्टरांना विचारूनच ही गोळी घ्यावी. आयबुप्रोफेन दातदुखीवर प्रभावी असते, कारण ते सूजही कमी करते. मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गरोदरपण, डेंग्यूची शंका किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर ते स्वतःहून घेऊ नये. बाजारातील काही गोळ्यांत ही दोन्ही औषधे एकत्र असतात. त्यासोबत पॅरासिटामॉल वेगळे घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. ॲस्पिरिनची गोळी दातापाशी दाबून ठेवण्याने हिरडी भाजते, दुखणे थांबत नाही.

औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून दोन-तीन दिवस घेण्याची पद्धत सर्रास आढळते. नुसत्या ठणक्यावर, म्हणजे पल्पच्या सुजेवर, अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. गालावर सूज किंवा ताप असल्यास दंतवैद्य ते देतात, पण तेही दाताच्या उपचाराला जोड म्हणून. संसर्गाचे घर दातात तसेच राहिले, तर औषध संपल्यावर दुखणे परत येते आणि पैसे दोनदा खर्च होतात.

महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मिशरी लावण्याची सवय जुनी आहे. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड हिरडीवर चोळली की दुखणे दबल्यासारखे वाटते. निकोटिनच्या परिणामामुळे तसे वाटते. दात त्याने बरा होत नाही. अनेकींना हे व्यसन दातदुखीच्या निमित्तानेच जडते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर भारतात १९९२ साली बंदी आली, पण घरच्या मिशरीपर्यंत ती पोहोचली नाही. हिरड्यांचे आजार आणि तोंडाचा कर्करोग यांचा धोका मिशरीने वाढतो. उपचाराचा खर्च वाचवण्याचा हा मार्ग शेवटी सर्वांत महाग पडतो.

थांबू नये अशी लक्षणे

सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणे, तोंड न उघडणे, डोळ्याभोवती सूज, थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या भागात पसरला तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी साध्या सुजेलाही लवकर दाखवावे, कारण वाढलेल्या साखरेत संसर्ग फोफावतो आणि संसर्गामुळे साखर आणखी वाढते. गरोदरपणात दातांचे उपचार टाळावेत हा समज चुकीचा आहे. दंतवैद्याला गरोदरपणाची कल्पना दिली की आवश्यक ते उपचार सुरक्षितपणे करता येतात.

पडल्यामुळे किंवा मार लागून दात निखळणे ही मात्र खरीखुरी अचानक घटना आहे. कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा, माती लागली असल्यास पाण्याखाली क्षणभर धुवावा आणि दुधात बुडवून लगेच दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात पोहोचल्यास तो पुन्हा बसण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

खर्च कसा वाढत जातो

फिलिंग साधारणपणे एकाच भेटीत होते. पायरी उलटली की रूट कॅनाल करावे लागते. त्यासाठी एक्स-रे, बहुधा एकाहून अधिक भेटी आणि शेवटी कॅप लागते, त्यामुळे एकूण खर्च फिलिंगच्या कित्येक पट होतो. दात काढणे त्या घडीला स्वस्त पडते. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो आणि चावण्याचा भार दुसऱ्या बाजूवर येतो. ती जागा भरायला ब्रिज किंवा इम्प्लांट करायचे ठरले, तर खर्च रूट कॅनालच्याही पुढे जातो.

बिलाबाहेरचाही खर्च असतो. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक भेटीला एक दिवस बुडतो. हंगामात गाव सोडून जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला एकाच दवाखान्यात तीन-चार वेळा जाणे जमत नाही, म्हणून दात काढून टाकणे हाच मार्ग निवडला जातो. अशा कुटुंबांनी हंगामाला निघण्यापूर्वी तपासणी करून घेणे हिताचे. प्रवासखर्चात थोडी बचत होऊ शकते: १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रातील एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे.

पैशाअभावी रूट कॅनाल अर्धवट सोडणे ही नेहमीची चूक आहे. पहिल्या भेटीत दात उघडून आतला दाब मोकळा केला की ठणका थांबतो आणि रुग्ण परत येत नाही. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते आणि संसर्ग परततो. रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय ठेवली तर ती तडकू शकते आणि तोवरचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. एकूण खर्च किती, त्यात एक्स-रे आणि कॅप धरली आहे का, भेटी किती, पैसे टप्प्याटप्प्याने देता येतील का, आणि कॅपचे स्वस्त व महाग प्रकार कोणते? पैसे खरोखरच नसतील, तर तसे मोकळेपणाने सांगावे. आज दुखणे थांबवण्यासाठी काय करावेच लागेल आणि काय महिनाभर पुढे ढकलता येईल, हे दंतवैद्य सांगू शकतो. अनेक दात किडलेले असतील, तर ज्याची कीड नसेच्या जवळ आली आहे पण नसेत गेलेली नाही, त्या दाताचे फिलिंग आधी करणे किफायतीचे ठरते.

कमी खर्चात उपचार कोठे मिळतात

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलजवळ आहे, तर गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो. खासगी दंत महाविद्यालयांतही दर कमी असतात.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडी आणि शासकीय शाळांतील तपासणीत किडलेल्या दातांचीही नोंद होते. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवावी आणि ती घेऊन रुग्णालयात जावे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराने आपल्या दवाखान्यात दंतविभागाची चौकशी करावी. नेहमीच्या आरोग्य विम्यात मात्र अपघात सोडल्यास फिलिंग किंवा रूट कॅनालचा खर्च सहसा मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भरही रुग्णालयात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांवर आहे. पॉलिसी हाती असली तरी दातांसाठी वेगळी तरतूद करावी लागते ती यामुळेच.

पैसे उभे करताना

वेदनेत माणूस व्याजाचा दर विचारत नाही. ५,००० रुपये महिना शेकडा ५ ने घेतले, तर दरमहा २५० आणि वर्षाला ३,००० रुपये केवळ व्याजात जातात. मुद्दल तसेच उभे राहते. हा दर वर्षाला ६० टक्के होतो. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. मोबाइलवरील काही कर्ज ॲप शुल्क आधीच कापून घेतात आणि फोनमधील संपर्क वापरून वसुलीचा त्रास देतात. कर्ज कोणती बँक किंवा वित्तसंस्था देत आहे, हे स्पष्ट नसेल तर अशा ॲपला हातही लावू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलल्यास तिच्यावरील व्याजही जबर असते.

त्यापेक्षा बचत गटातील अंतर्गत कर्ज, पतसंस्था, मालकाकडून पगाराची उचल किंवा दवाखान्यातच हप्त्यांची सोय, हे मार्ग आधी पाहावेत. जनधन खात्यावर पात्र खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. सोने गहाण ठेवायचेच असेल, तर बँकेचा दर आणि मुदत लेखी घ्यावी.

आधीची तरतूद

दिवसाला १० रुपये बाजूला पडले, तर वर्षाला ३,६५० रुपये जमतात. एक-दोन दातांचे फिलिंग किंवा ठणक्यावरचा पहिला उपचार त्यात बहुधा भागतो. टपाल खात्यात आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण तिची मुदत पाच वर्षांची असते. अचानक लागणारी रक्कम म्हणून साध्या बचत खात्यातही ठेवावी. हा पैसा सणाला किंवा मोबाइलला वापरायचा नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा. भिशीचा नंबर हवा त्या महिन्यात लागेलच असे नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दातांची तरतूदही अशीच सोपी आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, दात घासावेत. गोड पदार्थ जेवणाच्या वेळीच खावेत. तंबाखू, मिशरी, गुटखा बंद करावेत. वर्षातून एकदा काहीही दुखत नसताना दात तपासून घ्यावेत. घरातील सर्वांसाठी एखादा ठरावीक महिना ठरवला तर विसर पडत नाही. दाढेत काळी रेघ दिसली किंवा गार पाण्याने कळ आली, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. त्या दिवशी जे काम एका फिलिंगवर भागते, त्याच कामासाठी ठणका सुरू झाल्यावर कित्येक पट पैसे आणि झोपेवाचूनच्या रात्री मोजाव्या लागतात.